मालकी स्टेटची, वापर सर्वांचा

चेन्नईच्या नैर्ऋत्येला, श्रीपेरुंबुदूरलगतच्या ओरगडम या औद्योगिक पट्ट्यात रेनॉ-निस्सानचा मोटारींचा कारखाना २०१० मध्ये, डेमलरचा ट्रकचा कारखाना २०१२ मध्ये आणि रॉयल एनफील्डचा मोटरसायकलींचा कारखाना २०१३ मध्ये सुरू झाला. अशा कारखान्यांतून बाहेर पडणारे वाहन ग्राहक आता शोरूममध्ये जाण्याआधीच मोबाइलच्या पडद्यावर जुळवून पाहू शकतो. रॉयल एनफील्डने २०२० मध्ये 'मेक इट युवर्स' या नावाने तशी सोय उपलब्ध करून दिली आणि रंग व ॲक्सेसरीज स्वतः निवडून मोटरसायकल मागवणे ग्राहकाला शक्य झाले. अशा पानाला कॉन्फिगरेटर म्हणतात. या प्रकरणात सर्वसाधारण कॉन्फिगरेटरचे उदाहरण घेतले आहे, कोणा एका कंपनीच्या पानाच्या अंतर्गत रचनेचे नाही. हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की ग्राहकाच्या एका बोटाच्या स्पर्शाने पानावरील पाच-सहा जागा एकाच वेळी बदलाव्या लागतात, आणि त्यातील एक जागा जरी मागे राहिली तरी ग्राहकाला चुकीची किंमत दिसते.

रिॲक्ट, व्ह्यू, अँग्युलर किंवा स्वेल्ट यांसारख्या जावास्क्रिप्टच्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे ब्राउझरमधील पाने रचण्यासाठी तयार मिळणाऱ्या चौकटींमध्ये, संपूर्ण पान लहान लहान स्वतंत्र भागांत विभागले जाते आणि त्या प्रत्येक भागाला कंपोनंट म्हणतात. कॉन्फिगरेटरच्या पानावर वाहनाचे चित्र हा एक कंपोनंट, रंगांची पट्टी हा दुसरा, ॲक्सेसरीजची यादी हा तिसरा, किमतीचा तक्ता हा चौथा आणि 'बुक करा' हे बटण हा पाचवा, असे मानता येईल. पान चालू असताना बदलू शकणारी जी माहिती कंपोनंटला लक्षात ठेवावी लागते, तिला स्टेट म्हणतात: निवडलेला रंग, टिकमार्क केलेल्या ॲक्सेसरीज आणि ग्राहकाचे शहर ही येथील स्टेट होय. त्या माहितीवर काम करणारे, तिच्यात बदल घडवणारे किंवा तिच्यावरून काही मोजून देणारे जे फंक्शन कंपोनंटबरोबर येते, त्याला मेथड म्हणतात. कंपोनंट एकमेकांपासून वेगळे ठेवण्याचा हेतूच मुळी असा असतो की रंगपट्टी लिहिणाऱ्या प्रोग्रामरला किमतीच्या तक्त्याचे अंतरंग माहीत असण्याची गरज पडू नये. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये प्रोग्रामचे विभाग कसे पाडावेत याविषयी लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात हेच तत्त्व मांडले होते: प्रत्येक विभागाने आपला एखादा निर्णय स्वतःच्या पोटात लपवावा, म्हणजे तो निर्णय बदलला तरी इतर विभागांना धक्का लागत नाही. अडचण अशी की काही माहिती स्वभावतःच एकाहून अधिक विभागांची असते, आणि निवडलेला रंग ही त्यातलीच एक.

या अडचणीवर सर्वांत आधी सुचणारा उपाय म्हणजे प्रत्येक कंपोनंटने त्या माहितीची आपली प्रत ठेवावी आणि बदल झाला की इतरांना कळवावे. हा उपाय दोन कंपोनंट असेपर्यंत चालतो. तिसरा आला की कोणी कोणाला कळवायचे याचे जाळे वाढू लागते आणि त्यातला एखादा दुवा राहून जातो. मग यादीतून काढून टाकलेल्या काचेची रक्कम किमतीच्या तक्त्यात तशीच उभी राहते, किंवा चित्रात लाल रंग आणि ऑर्डरमध्ये काळा अशी विसंगती निर्माण होते. ही चूक नवशिक्यांचीच असते असे नाही. फेसबुकच्या पानावर न वाचलेल्या संदेशांचा आकडा वरच्या पट्टीत दिसत असे, तर प्रत्यक्ष संदेश चॅटच्या खिडकीत आणि संदेशांच्या मुख्य पानावर दिसत. नवा संदेश नसतानाही वरचा आकडा पेटलेला राहण्याचा दोष तेथे दुरुस्त होऊनही पुन्हा पुन्हा उद्भवत राहिला. २०१४ मध्ये कंपनीच्या अभियंत्यांनी 'फ्लक्स' ही नवी रचना जाहीरपणे मांडली, तेव्हा जिंग चेन यांनी याच दोषाचे उदाहरण दिले होते. दुरुस्ती टिकत नव्हती याचे कारण एखादी ओळ चुकली होती हे नव्हते, तर एकच वस्तुस्थिती अनेक ठिकाणी नोंदवली जात होती आणि ती नोंद बदलण्याचा अधिकार अनेकांकडे होता.

म्हणून स्टेट सामायिक करण्याच्या प्रश्नाचा गाभा ती एका कंपोनंटमधून दुसऱ्यात कशी न्यायची हा नसून तिची मालकी कोणाची हा आहे. नेण्याच्या युक्त्या प्रत्येक फ्रेमवर्क पाच-सात देते, आणि शिकवण्या बहुधा त्या युक्त्यांपाशीच थांबतात, ही खेदाची गोष्ट आहे. कारण मालकी ठरली की युक्ती आपोआप सुचते, आणि मालकी न ठरवता निवडलेली युक्ती कितीही आधुनिक असली तरी फेसबुकच्या त्या आकड्यासारखा दोष टाळू शकत नाही.

मालकी ठरवताना प्रथम हे पाहावे लागते की कोणती माहिती मुळात स्टेट आहे आणि कोणती केवळ तिच्यावरून काढता येण्याजोगी आहे. कॉन्फिगरेटरमधील ऑन-रोड किंमत हे याचे उत्तम उदाहरण होय. एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर, नोंदणी शुल्क, विमा आणि निवडलेल्या ॲक्सेसरीज यांची ती बेरीज असते, आणि रस्ता कर राज्याराज्यांत वेगळा असल्यामुळे ग्राहकाने शहर म्हणून कांचीपुरमऐवजी कोल्हापूर निवडले की ती बदलते. अशी किंमत स्वतंत्र स्टेट म्हणून साठवून ठेवणे म्हणजे बेरीज आणि तिचे आकडे दोन्ही लिहून ठेवून ते जुळत राहतील अशी आशा बाळगणे होय. ती साठवू नये. किमतीसाठी मॉडेल, शहर आणि ॲक्सेसरीज एवढीच स्टेट ठेवून ती दर वेळी मोजावी. व्ह्यूमध्ये अशा मोजून मिळणाऱ्या मूल्याला 'कंप्यूटेड' म्हणतात आणि ज्या स्टेटवर ते अवलंबून आहे ती बदलली तरच ते पुन्हा मोजले जाते, त्यामुळे वेळ वाया जाण्याची भीतीही उरत नाही. अनेक पानांतील सामायिक स्टेटचे ओझे या एका शिस्तीनेच निम्म्यावर येऊ शकते.

उरलेल्या खऱ्या स्टेटची जागा ठरवण्याचा नियम साधा आहे. कंपोनंट एकमेकांच्या पोटात असतात, त्यामुळे त्यांची वंशावळीसारखी उतरंड तयार होते. ज्या दोन कंपोनंटना तीच माहिती हवी असते, त्यांचा जवळचा सामायिक पूर्वज शोधावा आणि ती स्टेट तेथे ठेवावी. रिॲक्टच्या परिभाषेत याला स्टेट वर उचलणे म्हणतात. पूर्वज आपली माहिती खालच्या कंपोनंटना 'प्रॉप' म्हणून देतो. प्रॉप म्हणजे वरून मिळालेले, वाचता येणारे पण परस्पर बदलता न येणारे मूल्य. रंगपट्टीवर ग्राहकाने बोट ठेवले की रंगपट्टी स्वतः रंग बदलत नाही, तर वरून तिला मिळालेल्या फंक्शनमार्फत किंवा इव्हेंटमार्फत पूर्वजाला कळवते; पूर्वज बदल करतो आणि नवा रंग पुन्हा सर्वांकडे खाली येतो. २०१३ च्या मे महिन्यात रिॲक्ट खुले झाले तेव्हा त्याने या एकदिशा प्रवाहाचा आग्रह धरला. त्याआधी २०१० पासून लोकप्रिय होत गेलेल्या अँग्युलरजेएसचा भर दुहेरी बांधणीवर होता, म्हणजे पडद्यावरील रकाना आणि मागची माहिती दोन्ही परस्परांना बदलू शकत. लहान फॉर्मसाठी ती सोय फार सुखाची होती, परंतु मोठ्या पानात एखादे मूल्य नेमके कोणी बदलले हे शोधणे तिने अवघड करून ठेवले.

प्रवाह एकाच दिशेने ठेवण्याची किंमतही मोजावी लागते. पूर्वज आणि माहिती वापरणारा कंपोनंट यांच्यामध्ये चार पिढ्या असल्या, तर त्या मधल्या चौघांना स्वतःला नको असलेला प्रॉप केवळ पुढे देण्यासाठी घ्यावा लागतो. यावर व्ह्यूमध्ये 'प्रोव्हाइड' आणि 'इंजेक्ट' ही जोडी आहे, तर रिॲक्टमध्ये 'कॉन्टेक्स्ट' आहे, ज्याचे आजचे रूप २०१८ मधील १६.३ या आवृत्तीत आले: पूर्वज एखादे मूल्य जाहीर करतो आणि खालचा कोणताही कंपोनंट मधल्यांना न विचारता ते घेतो. भाषा, चलन, प्रवेश केलेला वापरकर्ता अशा सर्वत्र लागणाऱ्या आणि क्वचित बदलणाऱ्या माहितीसाठी हे योग्य आहे. दर सेकंदाला बदलणारी माहिती मात्र रिॲक्टच्या कॉन्टेक्स्टमध्ये ठेवू नये, कारण त्याचे मूल्य बदलले की ते वाचणारा प्रत्येक कंपोनंट पुन्हा रेखाटला जातो.

जेव्हा माहितीला कोणताही एक नैसर्गिक पूर्वज सापडत नाही, तेव्हा ती उतरंडीबाहेर, 'स्टोअर' नावाच्या स्वतंत्र जागी ठेवली जाते. डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी २०१५ मध्ये आणलेल्या रिडक्समध्ये संपूर्ण ॲपची स्टेट एकाच स्टोअरमध्ये असते आणि ती बदलण्यासाठी 'ॲक्शन' नावाची चिठ्ठी पाठवावी लागते. रिड्यूसर नावाचे फंक्शन जुनी स्टेट आणि चिठ्ठी पाहून नवी स्टेट तयार करते. प्रत्येक बदलाची चिठ्ठी उरत असल्यामुळे दोष कसा घडला हे मागे जाऊन पाहता येते, हा या रचनेचा मोठा गुण होय. त्या काळात मात्र अनेक चमूंनी एखादी यादी उघडी आहे की मिटलेली एवढी क्षुल्लक माहितीही रिडक्समध्ये नेऊन ठेवली आणि मग तीन-तीन फाइलींत फिरून एक चौकोन उघडण्याची वेळ स्वतःवर आणली. व्ह्यूच्या जगात आधी व्ह्यूएक्स आणि नंतर एदुआर्दो सान मार्तीन मोरोते यांचे पीनिया आले, आणि आज अधिकृत शिफारस पीनियाची आहे; त्यात अनेक लहान स्टोअर असतात आणि प्रत्येकात स्टेट, तिच्यावरून मोजलेली मूल्ये आणि ती बदलणाऱ्या मेथड एकत्र नांदतात. स्टेट बदलणाऱ्या मेथड स्टेटच्या शेजारीच असाव्यात हा त्यातील विचार महत्त्वाचा आहे, कारण ॲक्सेसरी निवडताना 'ही काच या मॉडेलला बसते का' ही तपासणी एकाच मेथडमध्ये राहते आणि पाच बटणांमागे पाच वेळा लिहावी लागत नाही.

स्टोअरबाबत एक धोका असा आहे की त्याची झळ प्रोग्रामरला नव्हे तर ग्राहकाला लागते. वेग वाढवण्यासाठी पुष्कळदा पान ब्राउझरमध्ये नव्हे तर आधी सर्व्हरवर तयार केले जाते. ब्राउझरमध्ये प्रत्येक ग्राहकासाठी प्रोग्राम वेगळा चालतो, पण सर्व्हरवर फाइल एकदाच वाचली जाते आणि तीच चालती प्रक्रिया शेकडो ग्राहकांच्या विनंत्या हाताळते. फाइलच्या वरच्या पातळीवर जाहीर केलेली स्टेट तेथे सर्व ग्राहकांची सामायिक होऊन बसते, आणि एकाचे नाव व पत्ता दुसऱ्याच्या पानावर उमटण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून सर्व्हरवर प्रत्येक विनंतीसाठी नवे स्टोअर तयार केलेच पाहिजे. या नियमाला अपवाद नाही.

मेथड सामायिक करण्याचा इतिहास स्टेटपेक्षा वेगळा आणि काही अंशी अधिक बोधप्रद आहे. सुरुवातीच्या रिॲक्टमध्ये आणि व्ह्यूमध्ये त्यासाठी 'मिक्सिन' वापरले जात. मिक्सिन म्हणजे मेथड आणि स्टेट यांचा एक संच, जो कंपोनंटमध्ये मिसळला की त्याच्याच मालकीचा असल्यासारखा वागतो. दोन मिक्सिनमध्ये एकाच नावाची मेथड आली की दोन्हींची टक्कर होई, आणि कंपोनंट वाचणाऱ्याला समोर दिसणारी मेथड कोठून आली याचा पत्ताच लागत नसे. अब्रामोव्ह यांनी २०१६ मध्ये मिक्सिन घातक असल्याचे सविस्तर लिहिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिॲक्टच्या १६.८ या आवृत्तीत 'हुक' आले आणि सप्टेंबर २०२० मध्ये व्ह्यूच्या तिसऱ्या आवृत्तीत 'कंपोझिशन' पद्धती आली. दोन्हींत सामायिक वर्तन हे एक साधे फंक्शन असते. कंपोनंट ते नाव घेऊन मागवतो आणि त्यातून मिळालेल्या वस्तूंना स्वतः नावे देतो, त्यामुळे प्रत्येक मेथडचे मूळ वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहते.

येथेच एक गैरसमज मोठ्या प्रमाणावर आढळतो. दोन कंपोनंटनी एकच हुक वापरला म्हणजे त्यांची स्टेट एक झाली असे अनेकांना वाटते, परंतु तसे घडत नाही. ओरगडमच्या कारखान्यात २०१२ पासून रेनॉची डस्टर आणि २०१३ पासून निस्सानची टेरानो तयार होत असे. दोन्हींचा सांगाडा मूळचा एकच, पण एकीच्या टाकीत भरलेल्या इंधनावर दुसरी धावत नाही. हुकचेही तसेच आहे: रचना सामायिक होते, स्टेट प्रत्येकाची स्वतंत्र राहते. व्ह्यूमध्ये स्टेट फंक्शनच्या आत जाहीर केली तर प्रत्येक कंपोनंटला आपली प्रत मिळते आणि तीच ओळ फंक्शनच्या बाहेर नेली तर ती सर्वांची एक होते. एका ओळीची जागा बदलल्याने अर्थ उलटतो, म्हणून ती ओळ हेतुपुरस्सर लिहिली आहे की अनवधानाने, हे कोड तपासणाऱ्याने आवर्जून पाहावे.

मेथड दुसऱ्या कंपोनंटकडे पाठवताना जावास्क्रिप्टचा आणखी एक स्वभाव आड येतो. या भाषेत मेथडमधील 'धिस' हा शब्द कोणत्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवतो हे साधारणपणे मेथड कोठे लिहिली यावरून नव्हे, तर ती कशी बोलावली यावरून ठरते. किंमत मोजणारी मेथड तिच्या ऑब्जेक्टपासून सुटी करून बटणाला दिली की तिला आपला ऑब्जेक्ट सापडत नाही आणि पान अडते. रिॲक्टमध्ये क्लास वापरून लिहिलेल्या कंपोनंटमध्ये त्यासाठी प्रत्येक मेथड आधी 'बाइंड' करावी, म्हणजे तिच्या ऑब्जेक्टशी बांधून ठेवावी लागे. २०१५ च्या भाषा-आवृत्तीतील ॲरो फंक्शन बाहेरचाच 'धिस' धरून ठेवत असल्यामुळे हा त्रास कमी झाला, आणि हुकमध्ये 'धिस'ची गरजच उरली नाही.

स्टोअरच्या आधी विचारात घ्यावी अशी एक जागा पुष्कळदा विसरली जाते, ती म्हणजे पानाचा पत्ता. निवडलेले मॉडेल, रंग आणि ॲक्सेसरीज पत्त्यातच लिहिल्या, तर चेन्नईत नोकरी करणारा मुलगा आपण जुळवलेली गाडी सांगलीतल्या वडिलांना व्हॉट्सॲपवर पाठवू शकतो, पान पुन्हा लोड केले तरी निवड टिकते आणि ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण अपेक्षेप्रमाणे चालते. फ्रेमवर्कच्या कोणत्याही स्टोअरला एकट्याने हे साधत नाही.

मालकीचा हा विचार भारतीय कंपन्यांच्या कामातही दिसतो. चेन्नईतच वाढलेल्या फ्रेशवर्क्स या कंपनीने 'क्रेयॉन्स' नावाने वेब कंपोनंटचा संच प्रसिद्ध केला आहे; असे कंपोनंट कोणत्याही फ्रेमवर्कमध्ये चालावेत अशी अपेक्षा असल्यामुळे त्यांना एखादे विशिष्ट स्टोअर गृहीत धरता येत नाही, आणि बाहेरून मिळालेली मूल्ये व बाहेर पाठवलेले इव्हेंट यांवरच त्यांची भिस्त असते. मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीज या कंपनीचे काम मराठी वाचकाला आणखी जवळून अभ्यासता येईल. ऋषभ मेहता यांनी सुरू केलेली ही कंपनी ईआरपीनेक्स्ट या व्यवसाय-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरसाठी ओळखली जाते, आणि तिची फ्रॅपे सीआरएमसारखी नवी उत्पादने व्ह्यू आणि फ्रॅपे यूआय यांवर उभी आहेत. फ्रॅपे यूआयमध्ये सर्व्हरकडून माहिती आणणाऱ्या 'रिसोर्स'ला कॅशसाठी एक खुणेचे नाव देता येते. दोन कंपोनंटनी तेच नाव वापरले तर दुसऱ्याला नवी प्रत न मिळता पहिल्याचाच रिसोर्स मिळतो, म्हणजे सर्व्हरवरील माहितीची ब्राउझरमधली नोंद एकच राहते. सीआरएममध्ये वापरकर्त्यांची यादी अशाच रिसोर्सने आणून पीनियाच्या स्टोअरमध्ये ठेवली आहे आणि नावावरून वापरकर्ता शोधून देणारी मेथड त्याच स्टोअरमध्ये आहे, त्यामुळे विविध पानांवर तोच माणूस त्याच नावाने आणि त्याच छायाचित्राने दिसतो.

अलीकडे सॉलिड हे फ्रेमवर्क, अँग्युलरची २०२३ मधील सोळावी आवृत्ती आणि स्वेल्टची २०२४ मधील पाचवी आवृत्ती या सर्वांनी 'सिग्नल' या कल्पनेचा किंवा तिच्याच जातीच्या रचनेचा स्वीकार केला आहे. सिग्नल म्हणजे आपल्याला कोण वाचते हे लक्षात ठेवणारे मूल्य. ते बदलले की केवळ त्याचे वाचकच जागे होतात. २०१० च्या नॉकआउट या जावास्क्रिप्ट लायब्ररीमध्ये ही कल्पना जवळजवळ याच रूपात होती, आणि सिग्नल भाषेतच आणण्याचा प्रस्ताव एप्रिल २०२४ मध्ये जावास्क्रिप्टच्या मानक समितीच्या पहिल्या टप्प्यावर पोहोचला. सिग्नलमुळे पुन्हा रेखाटण्याचा खर्च कमी होतो हे खरे, परंतु कोणीही, कोठूनही लिहू शकेल असा सिग्नल हा जुन्या सर्वव्यापी व्हेरिएबलचाच वेगवान अवतार ठरतो.

ज्या वाचकाला हा विषय हाताने करून समजून घ्यायचा आहे, त्याने प्रथम फ्रॅपे सीआरएमचा खुला कोड उघडून त्यातील 'स्टोअर्स' हा फोल्डर वाचावा आणि प्रत्येक स्टोअरसमोर दोन याद्या कराव्यात: ते कोण वाचते आणि ते कोण बदलते. नंतर तीच तपासणी स्वतःच्या प्रकल्पावर करावी, आणि जेथे दुसऱ्या यादीत एकाहून अधिक नावे येतील तेथून दुरुस्तीला सुरुवात करावी.